लेबल झाका, मग बोलू

सिंगल माल्टच्या दोन-तीन बाटल्या घरी आणून, ग्लास शेजारी शेजारी मांडून त्यांची तुलना करणाऱ्या माणसांवर एक ठरलेला आरोप होतो. हे सगळं थोतांड आहे, असं सांगितलं जातं. फरक कुणालाच कळत नाही. ग्लासात नाक घालायचं, 'लवंग', 'खजूर', 'धूर' असे शब्द उच्चारायचे आणि शेवटी ज्या बाटलीवर मोठा आकडा आणि मोठी किंमत असेल तिलाच मान द्यायचा, एवढाच तो प्रकार. त्यापेक्षा नावाजलेली जुनी बाटली घ्यावी, पाणी घालून तिचा अपमान करू नये आणि चवीचा निवाडा ज्यांचा तो पेशा आहे त्यांच्यावर सोडावा. हा युक्तिवाद मी मित्रांच्या बैठकीत ऐकला आहे, दुकानाच्या काउंटरवर ऐकला आहे आणि पिण्याशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे. मला तो मुळातून चुकीचा वाटतो. त्यात एक गोष्ट खरी आहे, आणि तीच त्याच्या विरोधात जाते.

खरी गोष्ट अशी की नाक आणि जीभ सहज फसतात. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोच्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली. तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. 2008 मध्ये हिल्के प्लासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून लोकांना चाखायला दिली, एकदा 10 डॉलर म्हणून आणि एकदा 90 डॉलर म्हणून. 90 डॉलरची जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी संबंध असलेल्या भागाची हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ती माणसं खोटं बोलत नव्हती. किंमत ऐकल्यामुळे त्यांना ती वाइन खरोखरच अधिक चांगली लागली होती. पुढे किंमत न सांगता तीच वाइन पुन्हा दिली, तेव्हा तो फरक उरला नाही.

आरोप करणारे हे प्रयोग पुरावा म्हणून पुढे करतात. पण त्यांतून 'चव हा भ्रम आहे' हा निष्कर्ष निघतच नाही. बोर्दोच्या विद्यार्थ्यांना कुणी रंग झाकून दोन ग्लास दिले नव्हते आणि यांत फरक आहे का, असं विचारलं नव्हतं. त्यांना रंग दाखवला आणि वर्णन करायला सांगितलं. डोळ्यांनी नाकाला सल्ला दिला आणि नाकाने तो मानला. कॅलिफोर्नियात तेच काम आकड्याने केलं. दोन्ही प्रयोग सांगतात ते एवढंच की रंग, किंमत आणि नाव समोर असेल तर माणसाचा निवाडा त्याचा स्वतःचा राहत नाही. मग करायचं काय? निवाडा सोडून द्यायचा की रंग, किंमत आणि नाव झाकायचं?

बारमध्ये ते झाकता येत नाही, कारण तिथे बाटली मागवावीच लागते नाव घेऊन. लग्नाच्या पार्टीत येत नाही, कारण तिथे बाटली टेबलावर ठेवलेलीच असते दिसावी म्हणून. दुकानात चाखायला मिळत नाही. कंपन्यांनी भरवलेल्या टेस्टिंगमध्ये तर समोर त्या ब्रँडचा माणूसच उभा असतो आणि कोणता वास यायला हवा ते आधी सांगून ठेवतो. राहतं घर. घरातलं दुसरं कुणी आतल्या खोलीत ग्लास भरू शकतं, ग्लासाच्या तळाला आकडा चिकटवू शकतं आणि कोणता आकडा कोणत्या बाटलीचा हे निकाल लागेपर्यंत स्वतःकडे ठेवू शकतं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. म्हणून घरच्या तुलनेला थोतांड म्हणणं मला उलटं वाटतं. बाटली उघडी ठेवून, किंमत ऐकवून, पहिल्या घोटाआधीच माना डोलावणाऱ्या बैठकींना तो शब्द लागू आहे.

फरक कळतो की नाही, हे वाद घालून ठरवायचं कारणच नाही. त्याची रीत शंभर वर्षांपूर्वीच सापडली आहे, आणि ती इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात, चहाच्या वेळी. म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं होतं की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. आठ कपांची चाचणी त्यांनी 1935 च्या आपल्या पुस्तकात मांडली: चार कप एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याच्या 70 रीती होतात. म्हणजे निव्वळ अंदाजाने सगळे कप बरोबर ओळखण्याची शक्यता 70 मध्ये एक. आधुनिक संख्याशास्त्रातल्या प्रयोगाच्या आखणीची शिकवण आजही अनेकदा या चहाच्या उदाहरणाने सुरू होते. एका माणसाच्या जिभेचा दावा खरा की खोटा हे शोधणं त्या शास्त्राला कमीपणाचं वाटलं नाही.

व्हिस्कीसाठी याहून सोपी चाचणी आहे, आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत ती रोज वापरली जाते. तीन ग्लास घ्यायचे. दोन ग्लासांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते सांगायचं. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक, म्हणून एकदा जमलं याला अर्थ नाही. सहा वेळा केलं आणि पाच किंवा सहा वेळा बरोबर आलं, तर ते नशिबाने घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. ग्लासात पाच-पाच मिलीलीटर पुरते, सहा फेऱ्या दोन-तीन संध्याकाळींत वाटून घेता येतात, आणि बराचसा निकाल वासावरच लागतो. 'फरक कळत नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की हे करून पाहा. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुरकट लॅफ्रॉएग आणि स्पेसाइड भागातली ग्लेनलिव्हेट यांच्यातला फरक नवख्याला पहिल्या फेरीत कळतो. दोन जवळच्या स्पेसाइड माल्टमधला फरक अनेकांना कळणार नाही. दोन्ही निकाल खरेच आहेत, आणि दुसरा तर खिशाच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे: जो फरक आपल्याला कळत नाही त्यासाठी दुप्पट पैसे का मोजायचे?

मात्र ही तुलना न्याय्य करावी लागते, आणि इथे घरोघरी हयगय होते. सर्वांत मोठी चूक म्हणजे वेगवेगळ्या तीव्रतेच्या व्हिस्क्या जशाच्या तशा शेजारी ठेवणं. एक 40 टक्के अल्कोहोलची आणि दुसरी 50 टक्क्यांची असेल, तर आपण व्हिस्क्यांची तुलना करत नसून अल्कोहोलच्या चटक्याची करत असतो. 50 टक्क्यांची अमृत फ्यूजन 40 वर आणायची असेल तर 30 मिलीलीटरमध्ये साधारण साडेसात मिलीलीटर पाणी लागतं. 46 टक्क्यांची पॉल जॉन ब्रिलियन्स असेल तर साडेचार. औषधाच्या दुकानात मिळणारी सुईविना सिरिंज हे काम चोख करते. रंगावरही विसंबू नये. स्कॉच व्हिस्कीच्या कायद्याने तिच्यात साधा कॅरमेल रंग घालायला परवानगी आहे. गडद सोनेरी दिसणारी व्हिस्की पिंपात जास्त मुरली असेलच असं नाही, म्हणून ग्लासाला बाहेरून फॉइल गुंडाळावी. धुरकट माल्ट शेवटी ठेवावी, नाहीतर तिच्यानंतर बाकीच्या सगळ्या फिक्या लागतात. दुसऱ्या फेरीत बाकीच्या ग्लासांचा क्रम उलटवावा, कारण पहिल्या ग्लासाला नेहमीच थोडा फायदा मिळतो. वर्षभर अर्धी पडून राहिलेली बाटली आणि आज उघडलेली बाटली यांची स्पर्धा लावू नये, आत शिरलेल्या हवेने पहिलीचा सुगंध बदललेला असतो. आणि चखणा नंतर. लसणाच्या चटणीतले शेंगदाणे आणि मिरचीची भजी तोंडात असताना माल्टबद्दल मत देणं हा माल्टवर अन्याय आहे. कोमट पाणी आणि साधा पाव एवढंच बरोबर असावं.

आता 'लवंग, खजूर'वरच्या आक्षेपाकडे येतो. हे शब्द म्हणजे कल्पनेचे फुगे, असं समजलं जातं. पण ओकच्या भाजलेल्या लाकडातून युजेनॉल नावाचं रसायन व्हिस्कीत उतरतं, आणि लवंगेला लवंगेचा वास देणारं रसायनही तेच. त्याच लाकडातून व्हॅनिलिन येतं, तेच व्हॅनिलाचं. ओकमधलं लॅक्टोन खोबऱ्याचा वास देतं. यीस्ट आंबवताना जे एस्टर तयार करतं त्यांतल्या आयसोअमाइल अॅसिटेटचा वास पिकलेल्या केळ्याचा. पीट जाळून माल्ट वाळवलं की ग्वायकॉल आणि क्रेसॉल येतात, म्हणून आयलाच्या व्हिस्क्यांना धुराचा आणि दवाखान्यातल्या जंतुनाशकाचा वास असतो. सगळीच वर्णनं अशी रसायनाशी जुळवता येत नाहीत, आणि छापील वर्णनांत फुगवलेलं पुष्कळ असतं, हेही मी मान्य करतो. पण म्हणून ज्याला ग्लासात लवंग जाणवली तो ढोंगी ठरत नाही. त्याचं नाक बरोबर काम करतंय.

माझा आक्षेप वेगळा आहे. मराठी घरात बसून माणसं हीदर, टॉफी आणि ख्रिसमस केक शोधतात, कारण बाटलीच्या मागे तसं छापलेलं असतं. ज्यांनी हीदरचं झुडूप कधी पाहिलं नाही त्यांना तो वास कुठून सापडणार? आपल्या स्वयंपाकघरात वासांची काय कमी आहे? काकवी आणि चिक्कीचा गूळ वेगवेगळा ओळखणारं नाक आहे आपलं. सुकं खोबरं भाजल्यावरचा वास, जायफळ, सुंठ, आमसूल, मनुका, निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, पहिल्या पावसानंतर शेतात पेटवलेला ओला पालापाचोळा, हे सगळं डोक्यात साठवलेलं आहे. मे महिन्यात आंब्याची पेटी उघडल्यावर नुसत्या वासावरून देवगड की कर्नाटक हे सांगणारे लोक प्रत्येक घरात असतात, आणि त्यांना कुणी ढोंगी म्हणत नाही. तेच नाक ग्लासाजवळ नेलं की ढोंग कसं होतं? वर्णन स्वतःच्या शब्दांत, वहीत, बाटलीचं नाव कळण्याआधी लिहावं. अशा वहीत चार ओळी लिहिणाऱ्याला कंपनीच्या माणसाचं भाषण ऐकण्याची गरज उरत नाही.

पाण्याबद्दल फार वेळ घालवण्यासारखं काही नाही, पण गैरसमज इतका पक्का आहे की बोलावंच लागतं. स्कॉटलंडमध्ये नवं स्पिरिट पिंपात भरतात तेव्हा त्याची तीव्रता बहुधा 63.5 टक्क्यांवर आणलेली असते. पिंपातून काढल्यावर बहुतेक व्हिस्क्या पाणी घालूनच 40, 43 किंवा 46 टक्क्यांवर आणतात आणि बाटलीत भरतात. म्हणजे पाणी आधीच पडलेलं आहे, आणि ते व्हिस्की बनवणाऱ्यानेच घातलेलं आहे. ब्लेंडर पिंपांचे नमुने तपासतात तेव्हा वासासाठी ते 20 टक्क्यांच्या आसपास पातळ करतात. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंचं गणित मांडून दाखवलं की पाणी वाढलं की ग्वायकॉलसारखे धुरकट वासाचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ गोळा होतात, आणि तीव्रता 59 टक्क्यांच्या वर असेल तर ते अल्कोहोलमध्ये गुरफटून आत राहतात. किती पाणी घालावं यावर मतभेद असू शकतात. पाणी घालणं हाच अपमान, हे मत मात्र व्हिस्की बनवणाऱ्यांपैकी कुणाचंच नाही. ते आलं आहे फक्त बाटली मिरवणाऱ्यांकडून.

आता मुख्य मुद्दा, वयाचा. 'जुनं ते चांगलं' या समजुतीवर दुकानातलं अर्धं कपाट उभं आहे, आणि माझं सगळ्यात जास्त भांडण तिच्याशीच आहे.

लेबलवरचे 12 किंवा 18 हे आकडे खरे असतात. त्या बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीने निदान तितकी वर्षं पिंपात काढली आहेत, एवढंच ते सांगतात. पिंप कसं होतं हे ते सांगत नाहीत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, म्हणून एकदा वापरलेली पिंपं स्वस्तात स्कॉटलंडला येतात आणि तिथे ती दोनदा, तीनदा, कधी त्याहून जास्त वेळा भरली जातात. पहिल्यांदा भरलेल्या पिंपात जे सहा-सात वर्षांत लाकडातून उतरतं ते तिसऱ्यांदा भरलेल्या, थकलेल्या पिंपात अठरा वर्षांतही उतरत नाही. शिवाय एखाद्या माल्टला लाकूड जास्त झालं की तिची बार्लीची मूळ गोडी झाकून जाते आणि तोंडात नुसता तुरटपणा राहतो. वय वाढलं की किंमत वाढते याला खरं कारण आहे: गोदामाचं भाडं, अडकलेलं भांडवल, दर वर्षी उडून जाणारी व्हिस्की. पण हा उत्पादकाचा खर्च झाला. ग्लासातल्या चवीने त्या खर्चाची भरपाई करायची काय म्हणून?

आणि हवामान? स्कॉटलंडच्या थंड, ओलसर गोदामात पिंपातलं वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं. बंगळुरूत हे प्रमाण दहा-बारा टक्क्यांवर जातं. 200 लिटरचं पिंप बारा वर्षं ठेवलं तर स्कॉटलंडात सुमारे 157 लिटर उरेल. बंगळुरूत दर वर्षी दहा टक्केच धरले तरी 56 लिटर. म्हणून भारतीय माल्टवर 12 चा आकडा शोधणं म्हणजे कोकणात सफरचंदाची बाग का नाही असं विचारण्यासारखं आहे. बंगळुरूच्याच अमृतने आठ वर्षांची 'ग्रीडी एंजल्स' काढली तेव्हा ती त्यांच्या दृष्टीने म्हातारी व्हिस्की होती. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची पिंपं समुद्राजवळच्या उष्ण, दमट हवेत मुरतात. तिथेही वयाचं स्कॉटिश मोजमाप चालत नाही, आणि ते न छापता कंपनीने 2012 मध्ये लंडनमध्ये आपली माल्ट बाजारात आणली.

वय न सांगता चाखायला दिलं तर काय होतं, याची उदाहरणं आहेत. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीची स्थापना 1948 मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी केली. त्यांचे नातू रक्षित न्यूकॅसलला व्यवस्थापनाचं शिक्षण घेत असताना भारतीय सिंगल माल्ट ब्रिटनमध्ये विकता येईल का, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ग्लासगोतल्या 'द पॉट स्टिल' या बारमध्ये ती माल्ट नाव न सांगता गिऱ्हाइकांना दिली गेली. रोज माल्ट पिणाऱ्या त्या लोकांनी ती स्पेसाइडची, आणि प्रत्यक्षापेक्षा बरीच जुनी समजली. 24 ऑगस्ट 2004 रोजी अमृत त्याच ग्लासगोत बाजारात उतरली. तैवानच्या कवलानचं तसंच. तिथलं पहिलं स्पिरिट गाळलं गेलं 2006 मध्ये. 2010 च्या जानेवारीत बर्न्स नाइटच्या निमित्ताने 'द टाइम्स'ने एडिंबरातल्या लीथमध्ये झाकून चाखण्याची स्पर्धा घेतली, त्यात कवलान स्कॉचच्या पुढे पहिली आली. समोरच्या स्कॉच फार जुन्या, खानदानी नव्हत्या, हे सांगणं मला आवश्यक वाटतं. तरीही स्कॉटलंडच्या परीक्षकांनी, स्कॉटलंडच्या राष्ट्रकवीच्या, बर्न्सच्या, दिवसानिमित्त, चार वर्षंही न झालेल्या तैवानी माल्टला पसंती दिली, ती लेबल झाकलेलं होतं म्हणूनच. लेबल उघडं असतं तर ती पहिली आली असती, यावर माझा विश्वास नाही.

इथे देशाभिमानाने टाळ्या वाजवणाऱ्यांशीही मला भांडायचं आहे. 'भारतातलं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची तीन' हे वाक्य आपल्याकडे सर्रास फेकलं जातं. ते अर्धवट आहे. उष्णतेने लाकडातला अर्क लवकर उतरतो हे खरं. पण पिंपातून हळूहळू आत येणाऱ्या हवेने वर्षानुवर्षं जे बदल होतात, ते सगळे उष्णतेने त्याच पटीत वेग घेत नाहीत. पाच वर्षांची बंगळुरूची माल्ट ही पंधरा वर्षांची स्कॉच नव्हे. ती वेगळीच वस्तू आहे आणि तिची किंमत त्या वेगळेपणाची असली पाहिजे. पदकांचंही तसंच. 2023 मध्ये हरियाणाच्या इंद्री माल्टच्या दिवाळी आवृत्तीला एका अमेरिकन स्पर्धेत 'बेस्ट इन शो' मिळालं आणि आपल्याकडे 'जगातली सर्वोत्तम व्हिस्की' असे मथळे झळकले. स्पर्धेत त्याच बाटल्या असतात ज्यांच्या उत्पादकांनी प्रवेश शुल्क भरून त्या पाठवल्या. पदक मिळालं याचा आनंद जरूर मानावा. पण पदक पाहून ज्याची जीभ आधीच ठरवते तो आणि '18' पाहून ज्याची जीभ ठरवते तो, यांच्यात मला काहीच फरक दिसत नाही. इंद्री असो, रामपूर असो की नाशिक जिल्ह्यात तयार होणारी लाँगिट्यूड 77 असो, त्यांनाही झाकूनच ग्लासात घ्यावं. त्या तिथे टिकल्या तर ते यश त्यांचं स्वतःचं असेल.

एक आक्षेप यांपेक्षा गंभीर आहे आणि त्याला मी बाजूला सारणार नाही. दारूबद्दल इतक्या प्रेमाने, इतक्या बारकाईने लिहिणं हेच चुकीचं, असं म्हणणारे लोक आहेत. महाराष्ट्रात या म्हणण्याला वजन आहे. 'आडवी बाटली'साठी मतदान करून दुकानं बंद पाडणाऱ्या बायांनी दारूने काय होतं ते घरात पाहिलेलं आहे. गडचिरोलीची दारूबंदी 1993 पासूनची आहे आणि ती वरून लादलेली नव्हती, तिच्यामागे लोकांची चळवळ होती. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. हे सगळं मी मानतो. सिंगल माल्टमधलं अल्कोहोल देशी दारूतल्यापेक्षा सभ्य असतं, असं मी कधीही म्हणणार नाही. यकृताला बाटलीचं लेबल वाचता येत नाही. जो पीत नाही त्याने या लेखामुळे प्यायला लागावं असं यात काहीही नाही, आणि ज्याला थांबता येत नाही त्याने या खेळाच्या जवळही येऊ नये.

माझं म्हणणं जे पिणारच आहेत त्यांच्यासाठी आहे: ज्यांचं वय कायद्याने घातलेल्या 25 च्या अटीत बसतं, ज्यांच्याकडे परवाना आहे आणि जे महिन्याच्या पगारातून एका बाटलीला पाच-सात हजार मोजतात. त्यांनी काय विकत घेतलं हे त्यांना कळू नये, असा आग्रह धरून दारूचं प्रमाण कमी होत नाही. आणि तुलना खरोखर करायची असेल तर नशा हा तिचा शत्रू आहे. दुसऱ्या पेगनंतर नाक बोथट होतं, तिसऱ्यानंतर सगळंच छान लागतं आणि वहीतल्या नोंदी निरुपयोगी होतात. तीन ग्लासांत मिळून 30 ते 45 मिलीलीटर, नंतर भरपूर पाणी आणि जेवण. बाटल्या परत कपाटात. व्यावसायिक चाखणारे घोट थुंकून टाकतात, घरीही ते करायला लाज वाटण्याचं कारण नाही.

हे सगळं आताच लिहायची गरज वाटली त्याचं कारण बाजार बदलतो आहे. 24 जुलै 2025 रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला. त्याप्रमाणे स्कॉचवरचं 150 टक्के आयात शुल्क आधी 75 वर आणि दहाव्या वर्षी 40 टक्क्यांवर यायचं आहे. स्कॉचच्या बाटल्या वाढतील, जाहिराती वाढतील आणि '12', '15', '18' चे आकडे अधिक ठळक छापले जातील. दुसऱ्या बाजूला देशी माल्टवाले तिरंगा पुढे करतील. मधे सापडणार तो ग्राहक. त्याला दोन्हीकडून सांगितलं जाईल की तू चाखू नकोस, आम्ही सांगतो.

ग्राहकाने त्या वेळी मत मागू नये, माहिती मागावी. 2015 मध्ये कंपास बॉक्स या लंडनच्या कंपनीने आपल्या दोन ब्लेंडमधल्या प्रत्येक व्हिस्कीचं वय आणि प्रमाण जाहीर केलं, तेव्हा स्कॉच व्हिस्की असोसिएशनने तिला कायदा दाखवला: वय सांगायचं तर फक्त सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं. पूर्ण माहिती द्यायला निघालेल्याला माहिती मागे घ्यावी लागली, हे मला आजही लाजिरवाणं वाटतं. याउलट जर्मनीत रंग मिसळला असेल तर तसं लेबलवर छापावं लागतं, आणि तीच बाटली दुसऱ्या देशात त्या ओळीविना विकली जाते. एल्गिनची गॉर्डन अँड मॅकफेल, कॅम्पबेलटाउनची केडनहेड यांसारखे स्वतंत्र बाटलीवाले त्यांच्या कित्येक बाटल्यांवर कोणतं पिंप, कधी गाळली, कधी भरली हे छापतात. बंगळुरू, कुंकळ्ळी, इंद्री आणि रामपूरच्या डिस्टिलऱ्यांनी प्रत्येक बाटलीवर गाळल्याचं वर्ष, भरल्याचं वर्ष, पिंपाचा प्रकार आणि रंग घातला की नाही एवढ्या चार गोष्टी छापायला सुरुवात करावी. कोवळ्या वयाची लाज वाटण्याजोगी त्यांची माल्ट नाही. ग्लासगोत नाव झाकून ते एकदा सिद्ध झालेलं आहे.